नावांचा भोपळा

"एक वार!"

हंगामाच्या सणाला चर्चमध्ये वेदीपुढं जे येतं, त्याचा लिलाव होतो. पुकारायला एस्तेरबाई. चर्चच्या बायकांसोबत त्या दर शनिवारी गावच्या शाळेत जायच्या, गुरुजींना हातभार म्हणून मुलांकडून परसबाग करून घ्यायच्या. आज मुलं बागेतला पहिला भोपळा घेऊन आली, तेव्हा बाईंनी तो त्यांच्या हातातून घेऊन थेट वेदीपुढं ठेवला होता.

"दोन वार! अहो, बघा तरी, पोरांची नावं कोरलीत यावर!"

पुण्याच्या पाहुण्यांनी बोली चढवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलांनीही.

"तीन वार!"

भोपळा घेऊन पाहुण्यांची गाडी गेल्यावर दुसरीतल्या मंजुळेनं बाईंचा पदर ओढला. "बाई, आता आमचा भोपळा द्या ना. तुम्हाला नुसता दाखवायला आणलेला. उद्या शाळेत त्याची भाजी करायचीय."

सोमवारी बाई बाजारातला सगळ्यांत मोठा भोपळा घेऊन शाळेत गेल्या.

"अहो, एवढा कशाला?" गुरुजी संकोचले.

मुलांनी तो गोल फिरवला, मग उलटा करून पाहिला. कोवळ्या भोपळ्यावर काट्यानं नाव कोरलं की भोपळ्याबरोबर नावही वाढतं, हे त्यांना बाईंनीच शिकवलं होतं.

मंजुळा कुंपणाकडे पळाली आणि बाभळीचा काटा घेऊन आली.

"बाई, यावर आता नावं लिहिली तर वाढतील?"

"नाही गं," बाई म्हणाल्या. "हा वेलावरून तोडलाय."

तरी मुलं लिहायला बसली. अगदी बारीक अक्षरांत.