हळूच टेकलेली बोटं

या मंडळी, जवळ सरका, एक गोष्ट सांगते. आंतरराष्ट्रीय कुमार जलतरण स्पर्धेत माझी नात तिसरी पोचलेली मी या डोळ्यांनी पाहिली. पण फलकावर तिचं घड्याळ आपलं धावतंच आहे, आणि निकालात ती शेवटची! तिचे सर कपाळ बडवत ओरडले, "अगं कार्टे, भिंतीवरची पाटी जोरात दाबल्याशिवाय घड्याळ थांबत नाही! पाटी आहे ती, झोपलेलं बाळ नव्हे!" पोरगी मुसमुसत म्हणाली, "तुम्हीच तर शिकवलंत, हळू टेक म्हणून. आपल्या तलावाच्या फरश्या फुटल्यात, बोटं कापतात." तेवढ्यात पंचांनी हाक मारली. तिच्या लेनची वेळ टिपणाऱ्या बाईंनी बोटं टेकलेली पाहून हातातलं बटण दाबलं होतं. तीच वेळ निकालात धरली. पोरीला पदक मिळालं. देवाचं नाव घ्याल तेव्हा त्या बाईंचीही आठवण काढा हो.