झोतासमोरची खुर्ची

"हनुवटी टेका आन् मान अजिबात हलवू नका," क्रांती म्हणाली. "बाजूनं झोत शिरला तर डोळा गेलाच म्हणून समजा."

जयराज हसत खुर्चीत बसला आणि स्टँडवर हनुवटी टेकली. कुंडलकडच्या मिरवणुकांत लेझर लावणारा हा गडी, साताऱ्याच्या ह्या कारखान्यात आपल्या पोरांसाठी चष्मे घ्यायला आला होता. चाचणीला स्वतःचाच लेझर आणलेला, तोही केवढ्या तोऱ्यात! इथला नियम एकच. घेणाऱ्यानं आधी स्वतः बघायचं, मगच माल न्यायचा.

"गाडीवरच्या पोरांनाच चष्मे?" क्रांतीनं विचारलं. "आन् खाली नाचणाऱ्यांना?"

"त्यांना कशाला? त्येच बघाय तर येत्यात लोकं!"

क्रांतीनं त्याला दारातच ओळखलं होतं. त्यानं तिला नाही. गाडीवरून माणसं थोडीच दिसतात, नुसती डोकी दिसतात.

टेबलावर दोन ट्रे होते. दोन्हींत सारखेच दिसणारे चष्मे. पातळ प्लॅस्टिकचे थर एकावर एक दाबून त्यांच्या काचा बनवलेल्या. साध्या उजेडात आरपार दिसतं. झोत अंगावर आला की थर आपोआप काळे पडतात आणि त्याला अडवतात. डावीकडचा ट्रे रद्द मालाचा होता, त्यातल्या काचांत एक थर कमी पडला होता. क्रांतीचा हात आधी डावीकडेच गेला.

थांबला.

मग तिनं उजवीकडचा पक्का चष्मा उचलून जयराजला घातला. त्याला सगळं नीट दिसायला हवं होतं.

दारावरचा पडदा ओढून खोलीत अंधार केला आणि बटण दाबलं. हिरवा झोत थेट त्याच्या तोंडावर.

"आयला! काय बी होत न्हाई की!" जयराज खूश. "नुसता ठिपका दिसतोय. जोंधळ्याएवढा."

"कसल्या रंगाचा?"

"हिरवा."

"आमच्या शंभूला काळा दिसतो," क्रांती म्हणाली. "पुस्तक उघडलं तरी मधोमध तोच. डोळा मिटला तरी तोच."

"कोण शंभू?"

"माझा भाऊ. नवव्या वर्षी कुंडलच्या मिरवणुकीत माझ्या खांद्यावर बसला हुता. तुमच्या गाडीसमोर."

जयराजचे दोन्ही हात झटकन चष्म्यावर गेले. हनुवटी मात्र स्टँडवरून तसूभर हलली नाही.

"ताई... बंद करा आता."

"आमीबी त्येच वरडत हुतो."

"मला ऐकू नसंल आलं, ताई. आवाज लय हुता, आईशप्पथ."

"व्हय. लय हुता."

पक्क्या चष्म्यातून तासभर बघितलं तरी डोळ्याला काही होत नाही. हे क्रांतीला माहीत होतं. जयराजला नव्हतं.

तिनं बटण तसंच चालू ठेवलं, डबा घेतला आणि बाहेर आली.

"ताई! आवं ताई!"

बाहेर थर दाबायचं मोठं मशीन होतं. त्यात घालायला आत्ता माल नव्हता. तरी क्रांतीनं ते सुरू केलं. दणदणाटानं पत्रे थरथरायला लागले, जमीनसुद्धा. मग ती स्टुलावर बसली आणि भाकरी मोडली.

पडद्याच्या फटीतून जयराजचं तोंड दिसत होतं. उघडत होतं, मिटत होतं, उघडत होतं.