ट्रेबलचं बटण

सतारीची रेकॉर्ड सुरू होताच शैलजाताईंनी कान झाकले. "अहो, सुया टोचल्यासारखं होतंय."

हेरंबराव वैतागले. निवृत्तीनंतर त्यांनी घरातली छोटी खोली खास संगीत ऐकण्यासाठी सजवली होती. बायकोची तक्रार ऐकून, दोष खोलीचाच असं धरून, महिनाभरात जमिनीवर गालिचा, खिडकीला जाड पडदे, भिंतींवर गोधड्या लावून झाल्या होत्या. त्यांना स्वतःला आवाज अगदी छान वाटत होता. शेवटी त्यांनी स्पीकर बसवणाऱ्या निमकरांना बोलावलं.

निमकरांनी मिनिटभर ऐकलं आणि अ‍ॅम्प्लिफायरकडे बोट दाखवलं. "ट्रेबल, म्हणजे उंच सुरांचा आवाज, शेवटपर्यंत कोणी वाढवलाय?"

"मीच. त्याशिवाय सतार खुलत नाही."

निमकरांनी बटण मध्यावर आणलं. शैलजाताईंनी कानांवरचे हात काढले. "आत्ता कसं गोड वाटतंय!"

हेरंबरावांना सतार भिंतीपलीकडे वाजत असल्यासारखी वाटली. बारीक तारांचा झंकार तर गायबच झाला होता. त्यांचा हात बटणाकडे गेला आणि वाटेतच थांबला. खोलीत काहीच बिघडलेलं नव्हतं.

खुर्ची ओढून ते बायकोशेजारी बसले. "उद्या कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ," ते म्हणाले. "तोवर तू सांग, काय काय ऐकू येतंय."