आजीची उंची

सोनियानं आजीला कधी पाहिलंच नव्हतं. घरात फोटो एकच, भोरच्या स्टुडिओत आबांशेजारी उभी राहून काढलेला. शाळेत गुणोत्तर शिकवलं त्या दिवशी तिनं पट्टी घेऊन फोटोतले आबा मोजले, मग खरे आबा दाराला टेकवून मोजले. फोटोतला एक सेंटिमीटर म्हणजे खरे किती, हे काढून त्याच हिशेबानं तिनं आजीला मोजलं आणि दारावर खडूनं रेघ ओढली.

"आबा, आजी एवढी व्हती."

आबा रेघेजवळ आले. मग त्यांनी तळहात चार बोटं वर टेकवला.

"हितवर व्हती."

"म्हंजी माझं गणित चुकलं?"

"गणित बरूबर हाय, बाळा. मी वाकलो. ती तेवढीच ऱ्हायली."