संमतिपत्रातली एक ओळ

"शस्त्रक्रियेचे सर्व संभाव्य धोके रुग्णास, तिला समजेल अशा भाषेत, सांगितलेले आहेत," असे अमरावतीच्या एका खासगी रुग्णालयाचे संमतिपत्र ठणकावून सांगत होते. कर्करोगाने गेलेल्या स्तनाच्या जागी पोटाच्या मांसातून नवा स्तन घडवून घ्यायला आलेल्या पंचफुलाबाईंची मात्र भातकुलीच्या तहसिलीत प्रतिज्ञापत्रे तपासण्यात तीस वर्षे गेली होती.

"मले कवा सांगतलं?" त्यांनी विचारले.

"मले सांगतलं ना डॉक्टरसायबानं," त्यांचे यजमान शेषराव म्हणाले. "पोट बी कमी होते म्हने."

"अन् धोके?"

"ते बी सांगतले. पन तू भेशीन म्हून मी बोललो नाई."

"मंग टेबलावर तुमीच झोपा!"

समोर बसलेले डॉक्टर हसले, आणि मग त्यांना पाऊण तास बोलावे लागले. रक्तपुरवठा थांबला तर लावलेले मांस मरू शकते, जखम चिघळू शकते, पोटाला हर्निया होऊ शकतो, स्पर्शाची जाणीव पूर्वीसारखी येईलच असे नाही. पंचफुलाबाईंनी तेवीस प्रश्न विचारले, शस्त्रक्रिया करायचीच असे ठरवले आणि संमतिपत्र पुढे आले तेव्हा खोटी असलेली ती ओळ खोडली. सही करण्यापूर्वी कागद डॉक्टरांपुढे सरकवून त्या प्रसन्नपणे म्हणाल्या, "खोडाखोडीचं कारन लिवा सायेब, तुमच्या हातानं."

डॉक्टरांनी लिहिले: "धोके मी रुग्णाच्या पतीस सांगितले होते. शस्त्रक्रिया त्यांच्यावर नाही, हे माझ्या ध्यानात आले नाही."