गणोजींची ललकारी

"बाजू व्हाss! आई निघालीss!"

भालदार गणोजींनी चांदीची काठी उंच धरली आणि ललकारी दिली. देवासच्या बाजारचौकात, भवानीच्या पालखीपुढे उभं राहून, दर दसऱ्याला ते ती देत. एकतीस वर्षं देत होते. हे चार शब्द कानावर पडले की माणसं दुकानांच्या पायऱ्यांवर चढत, स्कूटरवाले गाड्या गल्लीत घालत, आणि पालखी दिवस मावळायच्या आत तळ्यापलीकडच्या शमीपाशी पोचे.

आज माणसं पुढे आली.

"अरे भिया, ये तो वोईच है! गाने वाले काका!" कोणीतरी ओरडलं आणि मोबाइल वर झाले. जे पायऱ्यांवर उभे होते तेही खाली उतरले.

गाणं गणोजींच्या मुलाचं, अर्पितचं होतं. इंदूरच्या एका दोस्ताबरोबर त्यानं ते बनवलं होतं. मध्ये बापाची ललकारी, विहिरीतून यावी तशी घुमवलेली, आणि तिच्यामागे ढोल, घंटा आणि काय काय भलते आवाज. पहिल्या व्हिडिओत मांडूचा महाल जांभळा होऊन वितळायचा. तो लोकांना फार आवडला, म्हणून दुसरा काढला. त्यात पागोटं घातलेल्या गणोजींना आठ हात फुटायचे आणि ललकारी आली की नाचणारे चहूबाजूंनी धावत येऊन त्यांना घेरायचे. आता मालव्यात कुठल्याही लग्नाच्या वरातीत तीच स्टेप चालली होती. मराठी न येणारी पोरंसुद्धा ते चार शब्द पाठ म्हणत.

फक्त दसऱ्यालाच तोंडातून काढायची, घरात सरावालासुद्धा नाही, असा या ललकारीचा नेम होता. तो गणोजींनी स्वतःच मोडला होता. "बाबा, तुमच्यामागं हा आवाज राह्यला पाह्यजे ना," एवढंच अर्पित म्हणाला होता, आणि बाप विरघळला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तक्रार करणार कोणाकडे?

"गणोजी, हलवा की," मागून भगवंत म्हणाला. पालखीचा पुढचा दांडा त्याच्या खांद्यावर होता. "खांदा भरून आला. वाटेत टेकवता बी येत नाही."

शमीपाशी पोचेपर्यंत पालखी जमिनीला लागू द्यायची नसते. गणोजींनी आभाळाकडे पाहिलं. ऊन बँकेच्या गच्चीवर जाऊन बसलं होतं. फार तर पाव तास उरला होता, आणि तळं अजून पुढेच होतं.

त्यांनी पुन्हा ललकारी दिली. या वेळी पोटातून. चौकानं ती झेलली, टाळ्यांच्या ठेक्यावर परत केली, आणि घेरा आणखी आवळला. एक पोरगा नाचत नाचत पालखीच्या दांड्यावर आदळला. भगवंतचा पाय घसरला, पालखी एका अंगाला कलली. गणोजींनी काठी काखेत मारली आणि दोन्ही हातांनी दांडा सावरला.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या डीजेवाल्यानं हौसेनं तेच गाणं लावलं. गणोजींचाच आवाज, गणोजींच्या दसपट मोठा, चौकभर सांगू लागला, बाजू व्हा, बाजू व्हा. एक माणूस हलला नाही.

बापाशेजारी उभा असलेला अर्पित कोपरानं वाट काढत धावला. "बंद कर भिया, हाथ जोड़ता हूँ!" त्याचा चेहरा पांढरा पडला होता. डीजेवाल्यानं त्याला ओळखलं, गाणं बंद केलं आणि त्याच्या गळ्यात हात टाकून सेल्फी घेतली. मग आणखी दहाजण धावले. "अर्पित भिया, एक फोटो!" बिचारा गाणं बंद करायला गेला होता, त्याच्यामुळे गर्दी दुप्पट झाली. मोठ्या मुश्किलीनं तो बापापाशी परत आला तेव्हा त्याच्या शर्टाची दोन बटणं तुटली होती.

"बाबा, एकदा अजून द्या. जोरात. आता गाणं बंद आहे, ऐकतील."

गणोजींना राग यायला हवा होता, पण पोराच्या डोळ्यांत पाणी होतं.

"दिली की रे दोनदा," ते म्हणाले. "मी देतो, ते जवळ येतात. तिसऱ्यांदा दिली तर पालखीवर चढतील."

"मग काय करायचं?"

"मला तेवढीच येते."

बँकेच्या गच्चीवरचं ऊन गेलं. मागे भगवंत देवीचं नाव घेत होता. दुसऱ्या माणसानं येऊन खांदा द्यायचा तर त्यालाही आत यायला वाट नव्हती.

गणोजींनी काठी अर्पितच्या हातात दिली. भालदाराची काठी दसऱ्याला दुसऱ्याच्या हातात जात नाही, पण आता काय राहिलं होतं? त्यांनी पागोटं काढलं, काखेत धरलं आणि हात जोडले. समोर विशीतली एक पोरगी मोबाइल धरून उभी होती. त्यांनी तिलाच विनवलं, साध्या आवाजात, तिला कळेल अशा बोलीत.

"बेटा, थोड़ा सरक जाओ. माताजी को जाने दो. दिन डूब गया."

पोरीनं मोबाइल खाली केला. तिचा चेहरा पडला होता.

"ये नहीं, काका," ती लाडानं म्हणाली. "वो वाला बोलो ना."