पिठाची रेघ

ड्रोनला वरून जेवढी पांढरी रेघ दिसेल, तेवढंच घर सरकारी नकाशात येईल, असं ग्रामसेवकानं बजावलं होतं. हरणाबाईचा चुना परसातल्या कडुलिंबाअलीकडंच संपला, तेव्हा तिनं पुढची रेघ ज्वारीच्या पिठानं ओढली. आभाळात घरघर सुरू झाली आणि तेवढ्यात वाडग्याच्या कुंपणातनं मेंढरं सुटून येऊन पीठ चाटायला लागली. “धनाजी, हाक त्यांला! लिंब भाईर ऱ्हातोय!” ती ओरडली. लेकानं मेंढरं हाकलली, पण रेघ उरली नव्हती. हरणाबाई पांढऱ्या लुगड्यानिशी तिथंच आडवी झाली. “आये, ऊठ! एका झाडापायी येडी झालीस व्हय?” “झाडाखाली तुझी थोरली बहीण हाय. चार दिसाची व्हती, म्याच पुरली. भाईर ऱ्हायली तर रस्त्यात जाईल.” घरघर डोक्यावर आली. रेघ अजून अपुरी होती. पांढऱ्या सदऱ्यातला धनाजी आईच्या पायाशी श्वास रोखून आडवा झाला.